पदराला चार गाठी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या दापोली तालुक्यात कुणाचं खळं रिकामं दिसायचं नाही. कुठे आमसुलं, कुठे आंबापोळी, कुठे मिरच्या, कुठे सांडगे. पाऊस लागायच्या आत आगोटीची बेगमी व्हायला हवी. यातलं आमसुलांचं काम सांगायला अगदी सोपं. रातांबे फोडायचे, आतला गर मीठ घालून ठेवायचा, त्याला रस सुटला की साली त्यात बुडवून उन्हात पसरायच्या. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पाच-सात पुटं दिली की काळीभोर, मऊ आमसुलं तयार. यात कुठेही फार अक्कल लागत नाही. एका कंटाळवाण्या कामाकडे, कुणी आठवण न करता, ठरल्या वेळी, रोज परत यावं लागतं, एवढंच.

1997 साली लग्न होऊन मी या घरात आले. तेव्हापासून एका वर्षीही मला आमसुलं शेवटाला नेता आली नाहीत. तिसऱ्या पुटापर्यंत उत्साह दांडगा. चौथ्या दिवशी साली रसातच राहायच्या, आणि जेव्हा केव्हा झाकण उघडायची तेव्हा वर बुरशी धरलेली असायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "वेंधळी गो वेंधळी. डोकं कुठे ठेवून येतेस?"

आता दुसरा दिवस सांगते. 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि शेजारच्या आमच्या तालुक्यालाही झोडपून गेलं. पडवीची कौलं उडाली, आगरातल्या पोफळी मधोमध मोडल्या, माजघरात पाणी आलं. घरातली सगळी माणसं गांगरली होती. मी नव्हते. कुणाला कुठल्या खोलीत बसवायचं, औषधांचा डबा कुठे आहे, कोरडा शिधा कोणत्या पेटीत आहे, शेजारच्या आजोबांना कधी उचलून आणायचं, सगळं डोक्यात लख्ख. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा अकरा माणसांचा स्वयंपाक, पाण्याच्या पाळ्या, ताडपत्रीसाठीच्या खेपा, सगळं मीच लावून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "घर पडायला आलं की तुला बरी अक्कल सुचते!"

टोमणा होता, पण निरीक्षण पक्कं होतं. एकाच बाईला वादळ जमतं आणि आमसुलं जमत नाहीत, हे कसं? याचं उत्तर मला तीन वर्षांनी, वयाच्या 47व्या वर्षी मिळालं. एडीएचडी.

पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्षाची कमतरता आणि अतिचंचलता, असं त्याचं भाषांतर करतात. ते ऐकलं की बाकावरून उड्या मारणारा सात-आठ वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे येतो. पन्नाशीला टेकलेली, मोदकाला सुबक कळ्या पाडणारी बाई काही येत नाही. शिवाय हे नाव ठेवणाऱ्यांनी एक घोटाळा करून ठेवला आहे. आमच्याकडे लक्षाचा तुटवडा नाही. मोदक वळायला बसले की मी दोन तास मान वर करत नाही. कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. पंचाईत होते ती लक्ष हवं तिथे वळवताना आणि नको तिथून काढताना.

कपाळामागचा मेंदूचा जो भाग आहे तो घरच्या कारभाऱ्यासारखा समजा. तो स्वतः विळा हातात घेत नाही. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठे थांबायचं, काय ध्यानात धरून ठेवायचं, किती वेळ लागेल, कधी तोंड आवरायचं, हे ठरवणं त्याचं काम. त्याचे निरोप इकडून तिकडे पोचवायला डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं लागतात. एडीएचडी असलेल्या मेंदूत या निरोपांची ये-जा वेगळ्या रीतीने चालते, असं आजवरच्या संशोधनातून दिसतं. डोपामिनच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे 'यातून काहीतरी हाती लागणार आहे, उठ, लाग कामाला' असा इशारा देणं. बहुतेकांच्या बाबतीत काम महत्त्वाचं आहे हे पटलं की इशारा मिळतो. आमच्या मेंदूला नुसतं महत्त्व पुरत नाही. काम नवं तरी हवं, आवडीचं तरी हवं, नाहीतर अंगावर तरी आलेलं हवं. वादळ अंगावर आलं होतं. आमसुलं नुसती महत्त्वाची होती.

याला आळस म्हणणारे भेटतातच. त्यांना मी एवढंच सांगते, की आळशी माणसाला निदान आराम तरी मिळतो. मी दुपारी बाजेवर पडून 'उठ, साली उन्हात घाल, उठ' असं स्वतःवर तासभर ओरडत असायची. त्या तासात कामही व्हायचं नाही आणि डोळाही लागायचा नाही.

कारभाऱ्याचं आणखी एक काम म्हणजे हातातली गोष्ट डोक्यात धरून ठेवणं. मानसशास्त्रात त्याला वर्किंग मेमरी म्हणतात. ओंजळ म्हणा. ही ओंजळ लहान असली की काय होतं ते एका संध्याकाळचं सांगते. आभाळ भरून आलं म्हणून आंबापोळीची ताटं आत घ्यायला उठले. ताटांवर टाकायला प्लास्टिक घ्यावं म्हणून पडवीत गेले. पडवीत कोयती पडली होती, पोरंबाळं येतात-जातात, म्हणून ती जागेवर ठेवायला मागच्या दारी गेले. मागच्या दारी पंप चालूच राहिलेला. तो बंद केला, टाकी भरली का बघायला जिना चढले. जिन्यावरून शेजारणीची हाक ऐकू आली, तिला वाटीभर खोबरेल हवं होतं. खोबरेल ओतताना पत्र्यावर पहिले थेंब वाजले आणि मी तिला म्हटलं, "आला गो बाई एकदाचा! आता मातीचा वास सुटेल." दोघी दारात उभ्या राहून आम्ही तो पाऊस बघितला. आंबापोळी आठवली ती रात्री ताट वाढताना. अकरा ताटं होती.

यात कुठेही मी रिकामी बसलेली नाही, हे बघा. प्रत्येक पाऊल शहाणपणाचंच होतं. फक्त ओंजळीत नवं काही आलं की आधीचं सांडत गेलं.

वेळेचंही तेच. साडेदहाची एसटी म्हटली की माझ्या डोक्यात तिच्या दोनच अवस्था असतात, 'अजून वेळ आहे' आणि 'गेली'. आणि राग, रडू, लागलेला शब्द, हे सगळं लवकर भडकतं आणि उशिरा विझतं. निदानाच्या अधिकृत लक्षणांत भावनांचा हा भाग मुख्य म्हणून धरलेला नाही. माझ्यासारख्या बायकांना विचाराल तर सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. कुणी सहज म्हटलं, 'मीठ जरा जास्त झालंय', तर ते मी आठवडाभर उगाळत बसते.

मग हे कळायला 47 वर्षं का लागली? याचं एक कारण लंडनमध्ये आहे आणि दुसरं आमच्या माजघरात.

लंडनमधलं आधी. 1902 साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तिथे काही व्याख्यानं दिली आणि आवर न घालता येणाऱ्या, कशावर टिकून न राहणाऱ्या 43 मुलांचं वर्णन केलं. त्यात मुलगेच जास्त होते. पुढे अनेक दशकं डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तोच मुलगा राहिला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तकात 1968 साली या त्रासाचं नावच मुळी बालपणातल्या अतिचंचलतेवरून ठेवलेलं होतं. म्हणजे आजार पोरांचा, आणि लक्षण धुमाकूळ. 1980 च्या आवृत्तीत पहिल्यांदा मान्य झालं, की धुमाकूळ न घालताही हा त्रास असू शकतो. एडीएचडी हे नाव 1987 चं. आणि 2013 साली दोन बदल झाले, ते आमच्यासारख्यांच्या कामाचे: लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट बारा वर्षांवर आली, आणि मोठ्या माणसांना नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली. मी चौथीत होते ते साल 1986. तेव्हा अमेरिकेतच याचं धड नाव ठरलेलं नव्हतं, मग आमच्या शाळेतल्या गुरुजींना मी काय दोष देणार?

मुलींमध्ये बहुधा चंचलता आत असते. हात-पाय शांत, डोकं गावभर. खिडकीजवळ बसून बाहेरच्या माडावरचा माणूस किती झावळ्या तोडतो ते मोजणारी मुलगी वर्गाला त्रास देत नाही. तिला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. मुलांमध्ये मुलींच्या दुप्पट-तिप्पट मुलग्यांना हे निदान मिळतं. मोठ्या माणसांत मात्र बाई-पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं होत जातं. मधल्या काळात बायकांना हे नव्याने होत नाही, कारण हे जन्मापासूनचं असतं. त्या लहानपणी मोजल्या गेल्या नाहीत, इतकंच. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार तिथे 1 कोटी 55 लाख प्रौढांना एडीएचडीचं निदान झालेलं आहे, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना ते अठराव्या वर्षानंतर कळलं.

आता माजघर. निदान-पुस्तकात एकूण 18 लक्षणं आहेत, नऊ लक्षाची, नऊ चंचलतेची आणि उतावळेपणाची. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसूच आलं. कारण त्यातल्या बहुतेकांना आमच्या घरी आधीपासून मराठी नाव होतं. वस्तू हरवते ती वेंधळी. बारीक चुका करते ती धांदरट. सांगितलेलं विसरते ती विसरभोळी. पसारा आवरत नाही ती गबाळी. रांगेत थांबवत नाही ती उतावळी. दुसऱ्याचं वाक्य तोडते ती आगाऊ. अखंड बोलते ती तोंडाळ. एका जागी बसत नाही तिच्या पायाला भिंगरी. निदान आमच्या भाषेने कधीच करून टाकलं होतं. फक्त ते स्वभावाचं म्हणून केलं, आणि स्वभावाला औषध नसतं, असंही वर सांगून ठेवलं. माझ्या भावाला याच गोष्टींसाठी 'मुलगा आहे, उंडारणारच' एवढंच ऐकायला मिळालं. मला सासरी कसं नांदवून घेतील, याची काळजी घरात सातव्या वर्षापासून सुरू झाली.

त्या काळजीतून मुलगी एक गोष्ट शिकते, लपवायला. बाहेर पडताना कुलूप चार वेळा ओढून बघायचं. लग्नाला एक तास आधी पोचून मांडवात डास मारत बसायचं, कारण वेळेवर निघायला गेलं तर उशीर होणार हे माहीत. बोलणं तुटू नये म्हणून जिभेचं टोक दातांत धरायचं. पाहुण्यांना घर चकचकीत दिसतं. पलंगाखालच्या तीन पिशव्या त्यांना दिसत नाहीत. हे सगळं करण्यात दिवसाची निम्मी ताकद जाते, आणि आपण एवढ्या का दमतो ते आपल्यालाही कळत नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. मला सावरून धरणारी होती ती सासूबाईंची बडबड. "सात वाजले, दूध." "दिवेलागण झाली, तुळशीशी दिवा." "उद्या चतुर्थी, नारळ आहे का बघ." मी वैतागायची. 2021 साली त्या गेल्या आणि सहा महिन्यांत घराची घडी विस्कटली. आमच्याकडे पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. त्या 31 डिसेंबरला मी समुद्राकडची खोली दोन कुटुंबांना दिली आणि दोन्ही कुटुंबं संध्याकाळी पाच वाजता, मुलाबाळांसकट, पडवीत येऊन उभी राहिली. वीजबिल वेळेवर भरलेलं नव्हतं. सुपारी खरेदीदाराला दिलेला शब्द विसरले. लोक म्हणाले, सासू गेल्याचा धक्का बसलाय. बसला होताच. पण माझा कारभारी मेंदूबाहेर, शेजारच्या खोलीत राहत होता आणि तो गेला होता, हेही खरं.

कोकणात हे जास्त उघडं पडतं असं मला वाटतं. मुंबईच्या मनीऑर्डरींवर आमची गावं पिढ्यान्‌पिढ्या चालली. मनीऑर्डरीची जागा आता मोबाइलवरच्या पैशांनी घेतली, पण पुरुष अजून गणपतीला आणि शिमग्यालाच येतो. माझेही तिकडेच असतात. मागे घर, आगर, म्हातारी माणसं, मुलांच्या शाळा, देवकार्य, तलाठ्याकडची कामं, सगळ्याचा ताळा एकट्या बाईच्या डोक्यात. म्हणजे ज्या क्षमतेत आम्ही लंगड्या, नेमकी तीच दिवसभर वापरायची.

त्यातच वय आडवं येतं. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक मेंदूतल्या डोपामिनच्या कामाला हातभार लावतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते उतरतं, आणि त्या दिवसांत डोक्यात धुकं दाटतं, हे एडीएचडी असलेल्या अनेकजणी सांगतात. भारतीय बायकांची पाळी साधारण 46-47व्या वर्षी थांबते; त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेनची पातळी वरखाली होत राहते आणि मग कायमची खाली येते. तीस वर्षं कशीबशी लपवलेली गोष्ट याच सुमाराला उघडी पडते ती काही योगायोगाने नव्हे. गंमत अशी, की चाळिशीच्या पुढची बाई हे सांगायला गेली की 'या वयात होतंच असं' म्हणून तिला परत पाठवतात. होतं हे खरं. पण जिला पहिलीपासून होत आलंय तिचं काय?

माझ्या बाबतीत दार उघडलं ते लेकीमुळे. बऱ्याच बायकांच्या बाबतीत असंच होतं, आधी मुलाचं निदान, मग आईचं. लेक पुण्यात शिकते. एकोणिसाव्या वर्षी तिला तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडे जावं लागलं आणि त्यांनी मला फोन केला, कारण लहानपणाची माहिती आईकडूनच घ्यायची असते. मुलगी वस्तू हरवायची का? सांगितलेलं काम अर्धवट सोडायची का? आपली पाळी येईपर्यंत थांबायची का? मी प्रत्येक प्रश्नाला म्हणत होते, "हो, पण ते काय, सगळ्यांचंच असतं ना?" आठव्या-नवव्या प्रश्नाला डॉक्टरबाई थांबल्या. म्हणाल्या, "ताई, सगळ्यांचं नसतं. तुमचं असतं का?"

एडीएचडी घराण्यातून उतरतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्याची आनुवंशिकता सत्तर ते ऐंशी टक्के धरतात, जवळपास उंचीइतकी. तेव्हा आई-लेकीचं एकच निदान यात नवल काही नाही.

निदान कसं करतात ते नीट सांगते, कारण इथे फसवणूकही होते. एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो काढूनही ते ठरत नाही. तज्ज्ञ तास-दीड तास बोलतात, कधी दोन-तीन वेळा बोलावतात. जागतिक आरोग्य संघटनेची 18 प्रश्नांची एक यादी भरून घेतात. ती चाळणी असते, निकाल नव्हे. बघायचं असतं ते असं: लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, आणि त्यामुळे खरंच काही बिघडतं का. रक्त तपासतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉईड, रक्तातलं कमी लोह, बी-12 ची कमतरता, अपुरी झोप, नैराश्य, या सगळ्यांनी लक्ष उडतं. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं इतकं सरसकट आहे, की तिथूनच सुरुवात केलेली बरी.

लहानपणाचा पुरावा म्हणून मी माहेरून जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. चौथीच्या पुस्तकात गुरुजींच्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'हुशार आहे, पण लक्ष नाही. वह्या अपूर्ण.' पाचवीत: 'हुशार आहे, पण बडबड फार.' सहावीत: 'क्षमता आहे, प्रयत्न कमी.' डॉक्टरबाईंनी तिन्ही शेरे वहीत उतरवून घेतले. मी मात्र त्या तिसऱ्या शेऱ्यापाशी बराच वेळ अडकले. प्रयत्न कमी.

त्याआधी सात वर्षं मी एका डॉक्टरांकडून चिंतेवरच्या गोळ्या घेत होते. चिंता खोटी नव्हती. एडीएचडी असलेल्या बायकांत चिंता आणि नैराश्य सोबत असणं नेहमीचंच. पण रोज काहीतरी विसरणाऱ्या बाईला आता काय विसरलं असेल याची धास्ती असणारच. पाणी कुठून गळतंय ते न बघता खालची बादली तेवढी बदलत राहावी, तशी माझी सात वर्षं गेली. ही गळती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदान झालेल्या तीस हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून, एडीएचडी असलेल्या बायकांचं आयुर्मान इतरांपेक्षा साडेआठ वर्षांच्या आसपास कमी भरलं. एडीएचडी थेट जीव घेत नाही. अभ्यासकांच्या मते व्यसनं, दुर्लक्षित दुखणी आणि न मिळालेली मदत यांचा हा हिशोब असावा.

आता उलट बाजू. हल्ली मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बघून 'मलापण एडीएचडी आहे' म्हणणारे खूप झालेत. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं म्हणजे एडीएचडी नव्हे. दिवसाला चार तास मोबाइल बघून पुस्तकात मन लागत नसेल तर आधी मोबाइल ठेवून बघावा. फरक असा, की माझं हे मोबाइल यायच्या आधीपासूनचं आहे, आणि सुट्टीतही जात नाही.

औषधांबद्दल. मेथिलफेनिडेट हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध 1944 साली लिएंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये तयार केलं. त्याच्या बायकोचं लाडकं नाव रीटा, त्यावरून त्याचं रिटालिन हे नाव पडलं. मेंदूतलं डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन लगेच परत ओढलं जाऊ नये, निरोप जरा वेळ टिकावा, हे त्याचं काम. साधी गोळी तासाभरात लागू होते आणि तीन-चार तासांत उतरते. भूक मंदावणं, झोप उडणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून हृदयाचं काही असेल तर आधी सांगायलाच हवं. आपल्याकडे हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या गावी प्रत्येक दुकानात सापडेल असंही नाही. दुसरं अॅटोमॉक्सेटीन, ते त्या वर्गातलं नाही, पण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे थांबावं लागतं. कुणाला काय द्यायचं ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. लेकीची गोळी आईने घेऊन बघणं हा गाढवपणा आहे. (माझ्या मनात आलं होतं, म्हणून लिहितेय.)

पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर काय झालं असं लेकीने विचारलं. काहीच झालं नाही. मी उठले, भांडी घासली आणि बसले. उठावं असं मनात आलं आणि उठले, मधला आरडाओरडा झालाच नाही. इतर लोक रोज असेच उठतात की काय, या विचाराने मला रडू आलं.

गोळी कारभाऱ्याला जागं ठेवते, कारभार शिकवत नाही. तो शिकायला समुपदेशन लागतं, आणि डोक्यातल्या गोष्टी डोक्याबाहेर मांडाव्या लागतात. माझ्या खोल्यांचं आरक्षण आता पडवीतल्या मोठ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, येणारा पाहुणाही वाचतो. किल्ल्या दाराच्या खुंटीला, चष्मा देवाच्या कोनाड्यात. नजरेआड गेलेली वस्तू माझ्यापुरती जगातून नाहीशी होते, म्हणून डाळी काचेच्या बरण्यांत. आणि सगळ्यात उपयोगी पडतं ते कुणीतरी सोबत बसणं. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात, शहरातली मुलं त्यासाठी पडद्यावर अनोळखी माणसांसोबत बसतात. आमच्याकडे पापड लाटायला, फणस फोडायला बायका जमायच्या ते दुसरं काय होतं? आता मे महिन्यात मी शेजारणीच्या खळ्यात माझे रातांबे घेऊन जाते. तिची पुटं, माझी पुटं एकदमच. ती उठली की मी उठते. गेल्या वर्षी साडेचार किलो आमसुलं झाली.

तज्ज्ञ कुठे शोधायचे हा आमच्या भागात खरा प्रश्न आहे. राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीला आहे, आणि तेच अडचणीचं होतं, कारण 'हिला रत्नागिरीला न्या' ही इकडची चेष्टा. सुरुवात घरातूनच करायची असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी, फुकट क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. फोनवर निदान होत नाही, पण पुढे कुणाकडे जायचं ते कळतं.

मुंबईहून यांचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे आता सगळ्याला कारण मिळालं तुला." मी म्हटलं, कारण आधीही होतं, तुम्ही त्याला वेंधळेपणा म्हणत होतात. त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी आले ते फळ्यासाठी खडूंची पेटी घेऊन.

आईला सांगायचं राहिलं होतं. ती गुहागर तालुक्यात, माहेरच्या घरी असते, 76 वर्षांची. लक्षात ठेवायच्या प्रत्येक गोष्टीची पदराला गाठ मारायची तिची सवय. लहानपणी आम्ही तिच्या पदराच्या गाठी मोजायचो. मी फोनवर समजावत होते, मेंदू, रसायनं, लेकीचं, माझं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "हे सगळं तुला आत्ता कळलं होय? अगो, तुझी आजी दूध उतू गेलं की मला हाक मारायची, आणि मी बाहेर काजू मोजत बसलेली असायची." मी विचारलं, आज पदराला किती गाठी आहेत?

"चार."

"कशाच्या?"

"एक गॅसवाल्याची. एक तुझ्या भावाला सांगायचंय त्याची. एक कसलीशी..." ती थांबली. मागे रेडिओ चालू होता. "आणि एक तुझीच आहे गो. तुला काहीतरी सांगायचं होतं. ठेव फोन, आठवलं की करते."